कॅपो लावला की आपण कच्चे ठरतो का?

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेलं पत्र. ओळख पटू नये म्हणून तपशील गाळून सारांश देते आहे.

पत्रलेखक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामांनी दिलेल्या जुन्या गिटारवर मोबाइल बघून शिकतो. जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर या कॉर्ड्स बऱ्यापैकी येतात, पण एफ आणि बी मायनर काही केल्या वाजत नाहीत. तारा खडखडतात, पहिलं बोट दुखून येतं. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात त्याला दोघांना साथ करायची आहे. वर्गातली एक मुलगी काळी पाचला गाते, मित्र काळी एकला (या पेटीवरच्या पट्ट्या). पेटीवर गावच्या भजनी मंडळातले गुरुजी बसणार आहेत. कुणीतरी त्याला कॅपो, म्हणजे गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा, घ्यायला सांगितलं. त्यावर कॉलेजातला गिटार वाजवणारा सिनिअर सगळ्यांसमोर म्हणाला, "कॅपो लावून काय वाजवायलास? कुबड्या घेऊन पळायलास का?" शिकवणीचे साठवलेले तीन हजार रुपये त्याच्याकडे आहेत. बाजारात दीड-दोनशेचा कॅपो मिळतो, व्हिडिओत मात्र अडीच हजारांचा घ्या म्हणतात. तो विचारतो: "ताई, कॅपो वापरणं म्हणजे पळवाट आहे का? आणि घ्यायचा झाला तर कोणता घेऊ?"

तुझ्या पत्रात सगळा दोष तू स्वतःच्या बोटांवर टाकला आहेस. "माझ्या बोटांत दमच नाही," असं दोन ठिकाणी लिहिलंयस. मला ते पटलेलं नाही. जी आणि सी स्वच्छ वाजवणारी बोटं दुबळी नसतात. म्हणून आधी मामांच्या त्या गिटारकडे बघू, कॅपोकडे मग येऊ.

बरीच वर्षं कपाटावर पडून राहिलेल्या गिटारच्या तारा अनेकदा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे धातूच्या आडव्या दांड्या (फ्रेट) बसवलेल्या फळीपासून, नको तितक्या उंच झालेल्या असतात. तारांच्या ताणानं नेक, म्हणजे गिटारची मान, हळूहळू पुढे वाकते, पोटाची फळी थोडी फुगते आणि तार वर जाते. हे तुला घरीच मोजता येईल. बाराव्या फ्रेटवर फूटपट्टी उभी धर आणि फ्रेटच्या माथ्यापासून सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर बघ. शाळेच्या प्लास्टिकच्या फूटपट्टीला शून्याआधी थोडी कोरी कड असते, ती वजा कर, नाहीतर आकडा चुकेल. अडीच मिलिमीटरच्या आसपास आलं तर गिटार शिकाऊ माणसाला चालण्यासारखी आहे. तीनच्या वर गेलं तर तू इतके दिवस गिटारशी कुस्ती खेळत होतास.

दुसरी तपासणी याहून महत्त्वाची. गिटारच्या डोक्याजवळ तारा ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून जातात तिला नट म्हणतात. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धर आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते डोळा बारीक करून बघ. एखादा कागद सरकेल एवढीच फट हवी. तिथून उजेड स्पष्ट दिसत असेल तर नटच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नाहीत. स्वस्त गिटारींमध्ये हा दोष फार आढळतो आणि त्याचा सगळ्यात जास्त मार एफ कॉर्डला बसतो, कारण ती नटला चिकटून, पहिल्याच फ्रेटवर वाजवायची असते. उंच तार तिथे दाबायला लागणारा जोर नव्या माणसाच्या बोटात नसतोच.

खात्री करायची असेल तर एफसाठी जशी बोटं ठेवतोस तशीच ठेवून पूर्ण हात पाचव्या फ्रेटवर सरकव. तिथे तीच बोटं ए मेजर वाजवतात. पाचव्या फ्रेटवर सहापैकी चार-पाच तारा बोलल्या आणि पहिल्यावर दोनच बोलल्या, तर तुझी बोटं ठीक आहेत. बिघाड नटमध्ये आहे.

एक लक्षात असू दे. आत्ता पावसाळा आहे. लाकूड दमट हवा पितं, पोटाची फळी फुगते, पोटावर तारा जिथे अडकवतात तो ब्रिज वर उचलला जातो आणि तारा चढतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात याच्या उलट होतं. लाकूड आकसतं, तारा खाली येतात आणि कधी कधी फ्रेटवर घासून झणझणतात. त्यामुळे ब्रिजवरचं सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) घासून तारा उतरवायची घाई ऑगस्टमध्ये करू नये. आज बेतानं घासलेलं उन्हाळ्यात जास्त झालेलं असतं. नटच्या खाचांचं तसं नाही, त्या कुठल्याही महिन्यात दुरुस्त करता येतात. पण जाणत्या माणसाकडूनच, आणि मामांना विचारून. खाच एकदा खोल झाली की ती उथळ करणं सोपं नसतं.

तारांचंही बघ. त्या गंजलेल्या, बोटाला खरखरीत लागणाऱ्या असतील तर बदलच. दुकानात "एक्स्ट्रा लाइट, दहाचा सेट" माग. त्यात सगळ्यात बारीक तार इंचाच्या शंभराव्या भागाएवढी, म्हणजे 0.010 ची असते. नेहमीच्या लाइट सेटमध्ये ती 0.012 असते. कागदावर फरक किरकोळ दिसतो, बोटाला मात्र पहिल्या दिवशीच कळतो. फक्त आधी एक खात्री कर. तुझ्या गिटारच्या खालच्या तीन तारा नायलॉनच्या असतील आणि नेक रुंद, सपाट असेल, तर ती क्लासिकल गिटार आहे. तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नकोस. त्यांचा ताण तिला पेलत नाही, ब्रिज उखडून निघू शकतो.

आता कॅपो. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. तो लावला की नट जणू तिथे सरकला असं होतं. एक फ्रेट वर म्हणजे अर्धा सूर वर, बारा फ्रेट म्हणजे पूर्ण सप्तक. बोटांची ठेवण तीच राहते, पट्टी बदलते.

तुझ्या गुरुजींनी स्केल चेंजर पेटी वाजवलेली असेल, निदान पाहिलेली तरी असेल. तिची पट्ट्यांची फळी आडवी सरकवता येते. वाजवणाऱ्याची बोटं सवयीच्या जागीच राहतात आणि सूर मात्र गाणाऱ्याला हवा त्या पट्टीत निघतो. एकादशीच्या भजनात पेटीवाल्यानं फळी सरकवली तर टाळकऱ्यांपैकी कुणी त्याला कच्चा म्हणत नाही; उलट बुवांचा गळा सांभाळला म्हणून बरं वाटतं. कॅपो गिटारसाठी नेमकं हेच काम करतो. स्पेनमध्ये फ्लामेंको गाणाऱ्यांच्या साथीला बसणारे गिटारवादक वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. गाणाऱ्याचा आवाज जिथे खुलेल त्या फ्रेटवर कॅपो चढवायचा आणि आपल्या ओळखीच्या ठेवणीत वाजवायचं. त्यांची बोटं कच्ची आहेत असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

तरी तुझा सिनिअर पूर्ण चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्याचं बोलणं लागण्यासारखं होतं, सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. पण मोबाइलवरून शिकून माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये मला एक गोष्ट नेहमी दिसते. व्हिडिओत "कॅपो दुसऱ्या फ्रेटवर" लिहिलेलं असतं म्हणून ती दुसऱ्या फ्रेटवर लावतात. का लावला विचारलं तर उत्तर नसतं. गाणारी मुलगी वरच्या सुराला ओरडायला लागली तरी कॅपो तिथेच. हा वापर मला खरोखर खटकतो. व्हिडिओतल्या माणसानं तो स्वतःच्या गळ्यासाठी लावलेला असतो, तुझ्या वर्गातल्या मुलीसाठी नव्हे.

म्हणून तुला माझा प्रश्न असा आहे: हा कॅपो तू कुणासाठी घेतोयस? फक्त एफ चुकवायची म्हणून घेत असशील तर तो तुझा थोडा वेळ वाचवेल, पुढे कुठल्या तरी गाण्यात एफ पुन्हा समोर येईलच. या दोघांच्या गळ्यासाठी घेत असशील तर तो तुला हवाच, आणि उद्या बार कॉर्ड्स (पहिलं बोट तारांवर आडवं टाकून वाजवायच्या, एफसारख्या) उत्तम यायला लागल्या तरीही हवा. मोकळ्या तारांचा जो भरदार नाद जी आणि ई मायनरमध्ये आहे तो बार कॉर्डमध्ये येत नाही. सुगम गाण्याच्या साथीला तो नादच शोभतो.

पट्ट्यांचं गणित एकदा नीट लिहून ठेव. तू गुरुजींबरोबर वाजवणार आहेस, त्यामुळे पेटीच्या भाषेतच लिही. सी म्हणजे पांढरी एक, तिथून काळी-पांढरी क्रमानं पुढे. गिटारच्या सहा मोकळ्या तारा, जाडीकडून बारीककडे, पेटीवर अशा पडतात: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत तीन. सगळ्या पांढऱ्याच. ट्यूनर नसला तरी पेटीवरून गिटार लावता येते ती यामुळे.

तुला येणाऱ्या कॉर्ड्समध्ये सगळ्यात सोयीची मंडळी जीची आहेत: जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर. यांत एकही बार कॉर्ड नाही. जी हा सा धरला तर कॅपोशिवाय ती पांढरी पाच. कॅपो पहिल्या फ्रेटवर गेला की काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच, चौथ्यावर पांढरी सात, पाचव्यावर पांढरी एक, सहाव्यावर काळी एक, सातव्यावर पांढरी दोन. सातव्याच्या पुढे फारसं जाऊ नकोस. आवाज किरटा होतो आणि बोटांना जागा उरत नाही.

म्हणजे तुझ्या वर्गातल्या मुलीची काळी पाच तिसऱ्या फ्रेटवर सरळ मिळाली. मित्राची काळी एक जीच्या ठेवणीत सहाव्या फ्रेटवर येते. पुरुषी आवाजाच्या साथीला ती जागा मला जरा पातळ वाटते. गाणं तीनच कॉर्ड्सचं असेल तर ए, डी, ई या ठेवणीत चौथ्या फ्रेटवर कॅपो लाव; काळी एकच मिळेल आणि आवाज जास्त गोल येईल. सीच्या ठेवणीत पहिल्या फ्रेटवरही काळी एक मिळते, आणि नाद तिचाच सगळ्यात भरीव. पण सीच्या गाण्यात चौथी कॉर्ड एफ येते. म्हणून यंदा नको, पुढच्या वर्षी तीच वापर.

गाणं कोमल गंधाराचं, मायनर वळणाचं असेल तर हे सगळं ए मायनर किंवा ई मायनर धरून मांडावं लागेल. ए मायनरच्या ठेवणीत काळी एक चौथ्या फ्रेटवर, काळी पाच पहिल्यावर. मात्र ए मायनरच्या गाण्यांतही एफ डोकावते. तिथे पूर्ण एफऐवजी खालच्या चारच तारांवर वाजणारी एफ मेजर सेव्हन घे. तारा बारीककडून मोजायच्या: चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसऱ्या तारेवर दुसरा, दुसऱ्या तारेवर पहिला, सगळ्यात बारीक तार मोकळी. कॅपो लावलेला असेल तर हे फ्रेट कॅपोपासून मोजायचे. बहुतेक गाण्यांत ती गोड लागते, कुणाला खटकत नाही.

या गणितात एक मेख आहे. कॅपो फक्त वर नेतो, खाली आणत नाही. समजा गाणं तू जीमध्ये बसवलंस आणि तालमीत लक्षात आलं की गाणाऱ्याला पांढरी चार हवी. मग कॅपो सरकवून भागत नाही, ठेवणच बदलावी लागते: डीच्या कॉर्ड्स तिसऱ्या फ्रेटवर.

तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट तू गृहीत धरली आहेस. "ती काळी पाचला गाते" असं लिहिलंस, जणू ते तिच्या आधार कार्डावर छापलेलं आहे. पट्टी माणसाची थोडी आणि गाण्याची जास्त असते. एखादं गाणं मंद्रात घुटमळतं, एखादं तार सप्तकातल्या पंचमाला जाऊन भिडतं. एकाच गळ्याला दोन्ही गाणी एका पट्टीत झेपतीलच असं नाही. तालमीत गाण्याचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा तुकडा तेवढा गाऊन घे. वर आवाज ताणला जात असेल तर कॅपो एक फ्रेट खाली, खालचे सूर पुटपुटल्यासारखे येत असतील तर एक वर. हे करायला अर्धं मिनिट लागतं. एकट्या बार कॉर्डवाल्याला तेच करायला पूर्ण गाणं मनात फिरवावं लागतं. दोघांच्या पट्ट्या एकदा ठरल्या की कागदावर लिही, गुरुजींना दाखव आणि मग बदलू नकोस.

गुरुजींशी बोलताना एक फजिती टाळ. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर आहे आणि तू त्यांना म्हणालास, "गुरुजी, जीमध्ये आहे," तर ते पांढरी पाच दाबतील. तुझ्या गिटारमधून तर काळी पाच निघतेय. पहिल्याच ओळीला दोघांत दीड सुराचं अंतर पडेल आणि गाणारी मुलगी मध्ये अडकेल. बोटांना जी म्हण, पण माणसांशी बोलताना नेहमी पट्टी सांग.

आता खरेदी. बाजारात ढोबळमानानं तीन जातींचे कॅपो दिसतील. कापडी किंवा रबरी पट्ट्याचे सगळ्यात स्वस्त, पण पट्टा काही महिन्यांत सैल पडतो आणि काढायला-लावायला वेळ जातो. ते घेऊ नकोस. स्क्रूचे कॅपो दाब हवा तेवढाच देतात, तार कमीत कमी चढवतात. मला स्वतःला तेच आवडतात. फक्त जागा बदलायला दोन्ही हात आणि थोडा वेळ लागतो. तिसरे स्प्रिंगचे, चिमट्यासारखे. एका हातानं दाबून उचलायचे, हव्या त्या फ्रेटवर सोडायचे. त्यांचा दाब ठरलेला असतो, कमी-जास्त करता येत नाही.

तुला दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत कॅपो तिसऱ्यावरून चौथ्यावर न्यायचा आहे. तेव्हा स्प्रिंगचाच घे. दीडशेवाला नको, तीनशे-चारशेच्या आतबाहेरचा धातूचा घे. अडीच हजारांच्या कॅपोत दोष नाही. परदेशी बनावटीचे ते कॅपो दशकभर टिकतात आणि सुरातही जास्त पक्के असतात. पण तुझ्या गिटारच्या नटचं काम राहिलेलं असताना तिच्यावर अडीच हजारांचा कॅपो बसवणं मला पटत नाही. त्या पैशांत नवा तारांचा सेट येईल, नटची दुरुस्ती होईल, आणि गिटारच्या डोक्याला लावायचा क्लिपचा ट्यूनर येईल. कार्यक्रमाच्या गलक्यात मोबाइलचं ट्यूनर ऍप तबल्याचाही आवाज पकडतं. क्लिपचा ट्यूनर लाकडाच्या कंपनावर चालतो, त्याला शेजारच्या आवाजाचं फारसं काही नसतं. एवढं करूनही तीन हजारांतले बरेच पैसे उरतील, ते ठेव.

शक्य असेल तर कॅपो ऑनलाइन मागवू नकोस. लातूरला किंवा नांदेडला जाशील तेव्हा गिटार बरोबर ने आणि दुकानात लावून बघ. स्टीलच्या तारांच्या गिटारचा फ्रेटबोर्ड आडवा किंचित गोलसर असतो, क्लासिकलचा सपाट आणि रुंद. कॅपोचं रबर त्या गोलाईशी जुळलं नाही तर कडेच्या तारा दाबल्या जातात आणि मधल्या दोन ढिल्या राहतात, किंवा उलट. दुकानातच दुसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर लावून सहाही तारा एकेक करून वाजव. एकही तार ठस्स झाली किंवा झणझणली तर दुसरा कॅपो माग. रबराला नख लावून बघ. ते किंचित दबायला हवं. दगडासारखं कडक असेल तर नको, आणि बोटाला चिकटत असेल तर मुळीच नको.

लावण्याची पद्धत व्हिडिओत घाईघाईनं सांगतात, म्हणून सविस्तर लिहिते. कॅपो दोन फ्रेटच्या मधोमध लावायचा नसतो. तिसऱ्या फ्रेटवर म्हणजे तिसऱ्या धातूच्या दांडीला लागून, तिच्या अगदी मागे, डोक्याच्या बाजूला. दांडीच्या वर चढला तर आवाज घुसमटतो. फार मागे राहिला तर तारा जास्त वाकतात, सूर चढतो आणि झणझणही होते. कॅपो दांडीला समांतर हवा, तिरका नको. लावताना स्प्रिंग एकदम फाटकन सोडू नकोस. हळू सोड, नाहीतर तारा एका बाजूला ओढल्या जातात. लावून झाला की जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एकेक छेड. पाच नंबरची तार बेसुरी वाटली तर ती मधोमध चिमटीत धरून किंचित उचल आणि सोड. रबराखाली अडकलेला ताण मोकळा होतो आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.

तरीही कॅपोनं सूर थोडा चढतोच, तारा उंच असल्या तर जास्तच. पेटीचा सूर जागचा हलत नाही, म्हणून जुळवून घ्यायचं काम तुझं. क्रम असा ठेव: आधी मोकळी गिटार पेटीवर लाव, मग कॅपो चढव, मग पुन्हा पेटीवर ताडून बघ. जुन्या पेट्या ट्यूनरच्या 440 वर (पांढरी सहाचा ठरलेला सूर) तंतोतंत असतीलच असं नाही. गुरुजींना पांढरी सहा धरून ठेवायला सांग, ट्यूनरमध्ये आकडा बघ आणि ट्यूनर त्या आकड्यावर आण. 438 आला तर 438. गिटार ट्यूनरवर बरोबर आणि पेटीशी बेसूर, असं होऊन उपयोग नाही. दोन गाण्यांच्या मधे कॅपो हलवलास की परत दोन-तीन तारा तपासायच्या, त्याला लाजू नकोस. श्रोते थांबतात.

मंडपाचं ऊनही लक्षात घे. सप्टेंबरात पाऊस उघडला की दुपारची ऊब चांगलीच असते. पत्र्याच्या शेडखाली किंवा मोटारसायकलवर उन्हातून आणलेल्या गिटारच्या तारा तापून उतरतात. कार्यक्रमाच्या निदान अर्धा तास आधी गिटार तिथल्या हवेत नेऊन ठेव आणि सूर शेवटी लाव. वाजवून झालं की कॅपो काढून ठेव. रात्रभर चिमटा तसाच राहिला तर रबरात तारांच्या खाचा पडतात आणि तो लवकर निकामी होतो. तो डोक्याच्या टोकाला अडकवून ठेवायची फॅशन आहे, पण मी म्हणेन पिशवीच्या खिशात ठेव.

राहता राहिली एफ. ती 17 तारखेपर्यंत यायलाच हवी असं नाही, पण सोडू नकोस. पहिल्या फ्रेटवर झगडणं आत्ता थांबव. बार कॉर्डची ठेवण पाचव्या फ्रेटवर घे, रोज थोडा वेळ, बोट दुखायच्या आत थांब. पहिलं बोट चपटं न ठेवता किंचित कडेवर कलंडव, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाळ कडेवर. मांसल भागात तारा रुततात आणि दबत नाहीत. बोट दांडीला लागून ठेव. अंगठा नेकच्या मागे साधारण मधोमध. जोर अंगठ्यानं आवळून आणण्यापेक्षा कोपर किंचित मागे घेऊन हाताच्या वजनानं आण. पाचव्यावर सहाही तारा बोलायला लागल्या की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर. पहिल्या फ्रेटवर पोचेपर्यंत नटचं कामही झालेलं असेल. बी मायनरची ठेवण वेगळी आहे, ती दुसऱ्या फ्रेटवर ए मायनरच्या आकारात येते. एफ जमली की ती फार त्रास देत नाही.

आणि हे सगळं एकट्यानं मोबाइलसमोर बसून करण्यापेक्षा त्या सिनिअरकडे जा. त्याला बार कॉर्ड येतात, तुला शिकायच्या आहेत. कॅपोवरून वाद घालू नकोस. गिटार त्याच्या हातात दे आणि म्हण, "दादा, पाचव्या फ्रेटवर माझ्या दोन तारा मुक्या राहायल्यात, बोट कुठं चुकायलं ते बघ जरा." पहिल्या फ्रेटवर त्याच गिटारची एफ त्यालाही वाजवायला सांग. तारा किती उंच आहेत ते त्याच्याही बोटाला कळेल, आणि नट कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचा हे बहुधा तोच सांगेल.